उघड्या छातीपुढचे एक मिनिट

शहापूर सोडून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला भाद्रपदात जे रूप येते, ते ज्याने पाहिले नाही त्याला ठाणे जिल्ह्याचा हा पूर्वभाग पुरता कळला असे म्हणता यायचे नाही. पाठीमागे माहुलीचे सुळके ढगांत अर्धेमुर्धे बुडालेले, दोन्ही अंगांना पोटरीला आलेले भात, आणि सकाळच्या ओलसर हवेत घराघराच्या कौलांतून वाट काढीत निघणारा चुलीचा धूर. परंतु याच दिवसांत या घरांतून आणखी एक गोष्ट ऐकू येते, आणि ती एकदा कानावर पडली की रस्त्याच्या शोभेवरून मन उडते. पाळण्यातल्या पोराची छाती वाजत असते. श्वास सोडताना बारीक, लांबलेली शिट्टी निघते, मध्येच कोरडा खोकला येतो, आणि पाळण्याची दोरी धरून बसलेली आई ओट्यावरच्या माणसांकडे अशा नजरेने पाहते की तिथे बोलणे थांबते.

अशाच एका ओट्यावर झालेले हे संभाषण आहे. बोलणाऱ्यांपैकी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय चौऱ्याहत्तर. दुसऱ्या सरकारी नोकरीतल्या बालरोगतज्ज्ञ. नावे देण्याचे प्रयोजन नाही, कारण दोघांचे म्हणणे मी या दोन तालुक्यांत निरनिराळ्या तोंडून अनेकदा ऐकले आहे आणि येथे ते एकत्र आणले आहे.

गुरुजी : बाई, तुम्ही घरी आलात हे आमचे भाग्य, पण आधी मनातली फिर्याद मांडतो. नातू सात महिन्यांचा. सर्दी झाली, तिसऱ्या दिवशी छाती वाजू लागली, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, म्हणून आम्ही त्याला शहापूरला आणला. तुम्ही चार दिवस ठेवून घेतलात. त्या चार दिवसांत दिलेत काय? नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, नळीने प्राणवायू, आणि सूनबाईला ताकीद, की थोडे थोडे, पण पुन्हा पुन्हा पाजत राहा. इंजेक्शन नाही, कफ पाडणारे औषध नाही. मूल बरे झाले, हे मी नाकारीत नाही. परंतु ते तुमच्या इलाजाने बरे झाले की आपोआप, हा वाद आमच्या माजघरात अजून मिटलेला नाही.

डॉक्टरबाई : आपोआपच बरे झाले, गुरुजी. आपोआप बरे होईपर्यंत त्याने तग धरावा, एवढीच तजवीज आम्ही केली. या वयात पहिल्यांदा छाती वाजते तेव्हा बहुधा आरएसव्ही नावाचा विषाणू कारण असतो. 1956 साली अमेरिकेत तो प्रथम चिंपांझींमध्ये सापडला आणि लवकरच आजारी तान्ह्या मुलांतही आढळला. मोठ्या माणसाला त्याने साधी सर्दी होते. दोन वर्षांखालच्या मुलात तो श्वासनलिकांच्या शेवटच्या, केसासारख्या बारीक फांद्यांपर्यंत उतरतो. आतले अस्तर सुजते, सुटलेला चिकट स्राव तिथेच साचतो, आणि आत गेलेली हवा बाहेर पडताना अडते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत जोर, मग उतार, आणि खोकला मात्र दोनतीन आठवडे रेंगाळतो. प्रतिजैविकाने विषाणू मरत नाही. दम्याच्या औषधाने इथे बहुधा गुण येत नाही, कारण अडचण स्नायू आवळल्याची कमी आणि सुजेची व चिकट्याची अधिक असते. मग मी कशासाठी टोचायचे?

गुरुजी : पण एवढ्याशा सुजेने एवढा आकांत? सर्दी तर मलाही झाली होती.

डॉक्टरबाई : तुमच्या तालुक्यातून तानसेचे पाणी 1892 पासून मुंबईस जाते. त्या मोठ्या नळात बोटभर गाळ बसला तर मुंबईला पत्ताही लागणार नाही; तोच गाळ तुमच्या अंगणातल्या अर्ध्या इंची नळीत बसला तर हंडा भरायला दुपार होईल. तान्ह्या मुलाची मुख्य श्वासनलिका साधारण चार मिलिमीटर रुंद धरा. सभोवार एक मिलिमीटर सूज आली की वाट निम्मी राहते, आणि हवेला होणारा विरोध दुपटीने नव्हे, सोळा पटींनी वाढतो. मोठ्या माणसाच्या दहा मिलिमीटरच्या नळीत तेवढीच सूज आली तर तो जेमतेम अडीच पट होतो. तुम्ही अंकगणित शिकवलेत. निम्म्याचा चौथा घात करून पाहा.

गुरुजींनी ओठ हलवीत हिशेब केला. चाळीस वर्षे मुलांच्या पाट्या तपासलेल्या त्या माणसाला सोळा हा आकडा बरोबर निघाल्याचे समाधान झाले नाही, उलट तो गप्प झाला. पाळण्यातले मूल निजले होते, आणि त्याच्या मानेशी काळ्या दोऱ्यात वेखंडाचा तुकडा ओवलेला होता.

गुरुजी : आमच्याकडे याला 'डबा' म्हणत. पोट उडू लागले की म्हातारीकोतारी म्हणायची, डबा झाला. हे पाहा.

असे म्हणून त्यांनी सदरा वर केला. बेंबीच्या उजव्या अंगास, सुरकुतलेल्या कातडीवर, पावलीएवढे तीन गुळगुळीत पांढुरके डाग होते.

गुरुजी : बिब्ब्याचे आहेत. मी दीड वर्षाचा असताना आईने घातले. वाहन नाही, पावसात ओढा चढलेला, भगत तेवढा वाडीत हजर. बाई, हे डाग माझ्या आईच्या अडाणीपणाचे नव्हेत. घुसमटणाऱ्या पोरापुढे हात बांधून बसवत नव्हते, म्हणून तिने जे ठाऊक होते ते केले. तुमची आरोग्याची पत्रके आम्हाला अंधश्रद्धा सोडा म्हणून हुकूम सोडतात. तिच्या जागी मीही बिब्बाच हाती घेतला असता.

डॉक्टरबाई : आणि तिच्या जागी आज जी आई आहे, ती बिब्ब्याऐवजी इंजेक्शन मागते. मागण्यामागचे मन तेच आहे. मी त्या मनाला दोष देत नाही. पण बिब्बा असो की नको असलेली सुई, त्यात जो वेळ जातो तो मुलाचा असतो. इलाज झाला अशा समजुतीने माणसे निर्धास्त होतात, आणि रात्री दोन वाजता मूल निळे पडते.

मला स्वतःला येथे डॉक्टरबाईंचे म्हणणे अधिक पटले. परंतु गुरुजींच्या पुढच्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

गुरुजी : टोकावड्याकडच्या एखाद्या वाडीतला बाप दिवसाची मजुरी बुडवून, पोर कांबळ्यात गुंडाळून तुमच्या दारी येतो. तुम्ही त्याला सांगता, औषधाची गरज नाही, लक्ष ठेवा. लक्ष कशावर ठेवायचे, हे त्याला कोणी सांगितले आहे? तो छातीच्या आवाजावर लक्ष ठेवतो. आवाज वाढला की घाबरतो, थांबला की निजतो.

डॉक्टरबाई : नेमकी इथेच माणसे फसतात. गुरुजी, वाजणारी छाती भिववते, पण ती वाजते आहे म्हणजे निदान वारा वाहतो आहे. तारप्यात फुंकर पोचते तोवरच तो वाजतो. ज्या मुलाचा जोर संपला, ज्याच्या नळ्या जवळजवळ मिटल्या, त्याची शिट्टीच बंद पडते, आणि घरात म्हणतात, बरे झाले, शांत झोपला. आवाज थांबूनही मूल खेळू लागले, पिऊ लागले, तर तो उतार. आवाज थांबला आणि मूल ग्लानीत, पदराला तोंड लावीना, तर तसेच उचलून 108 ला फोन करायचा. सकाळची वाट पाहायची नाही.

गुरुजी : आवाज तरी सगळे एक का? कुणाची घरघर, कुणाची शिट्टी, कुणी कुत्र्यासारखे खोकते.

डॉक्टरबाई : नव्हेत, आणि तुम्ही फार मार्मिक विचारलेत. नाकाघशात शेंबूड साचून होणारी घरघर सर्वांत मोठ्याने ऐकू येते आणि बहुधा सर्वांत निरुपद्रवी असते. नाक साफ केले की निम्मी जाते. शिट्टी श्वास सोडताना येते, कारण श्वास सोडताना छातीच्या आतल्या नळ्या मुळातच थोड्या आवळतात आणि सुजलेली नळी तेव्हाच पुरती अडते. याउलट श्वास आत ओढताना घोगरा, ओढल्यासारखा आवाज येत असेल तर अडथळा वर, कंठाशी आहे. कुत्र्यासारखा खोकला त्याच जातीचा. त्याला स्टेरॉइडच्या एका मात्रेने बहुधा उतार पडतो. पण मूल स्वस्थ असतानाही तो ओढीचा आवाज येत असेल तर घरी ठेवू नये. घटसर्पही पूर्वी कंठाशीच गळफास घालीत असे. लशीने तो मागे हटला, पण लस चुकलेल्या मुलात तो अजून येतो.

आपल्या जुन्या वैद्यकालाही हे आवाज अपरिचित नव्हते. चरकाने श्वासाचे पाच प्रकार सांगितले, आणि त्यांतल्या तमकश्वासाचे वर्णन करताना कंठातली घुरघुर, ढगाळ व गार हवेत होणारी वाढ, आणि आडवे होण्यापेक्षा बसल्याने वाटणारा आराम इतक्या बारकाईने टिपला आहे की आजचा वैद्यही त्यात फारसे बदलणार नाही. गुरुजींनी हा दाखला मोठ्या अभिमानाने दिला, आणि डॉक्टरबाईंनी तो तितक्याच आदराने मान्य केला.

डॉक्टरबाई : फक्त एक आवाज असा आहे, की तो कधी सुरू झाला हे विचारल्याखेरीज ओळखू येत नाही. एक दोन वर्षांचे मूल माझ्याकडे आले, त्याला चार महिने दमा म्हणून पातळ औषधे चालू होती. नळी लावली तर डाव्या बाजूला वारा खेळतो आहे आणि उजवी बाजू जवळजवळ मुकी. आईला विचारले, पहिल्या दिवशी ते काय करीत होते? ती आठवून म्हणाली, आम्ही शेंगा फोडीत होतो, याला एकाएकी ठसका लागला, लालबुंद झाला, मग आपोआप शांत झाला. तो शेंगदाणा चार महिने त्याच्या उजव्या श्वासनलिकेत होता. मुंबईस दुर्बीण घालून काढला. 1897 साली गुस्टाव किलियान या जर्मन वैद्याने एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा असा पहिल्यांदा काढला. म्हणजे विद्या सव्वाशे वर्षांची जुनी. चुकला तो एक प्रश्न. ज्याने चार महिने औषध लिहिले त्याने तो विचारला नाही, आणि आईला तो सांगण्याजोगा वाटला नाही.

गुरुजी : म्हणजे शेंगदाणे, फुटाणे...

डॉक्टरबाई : शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, सुपारीची खांडे. दाढा पुरत्या येऊन मूल नीट चावू लागेपर्यंत, म्हणजे निदान चार वर्षे, अख्खा दाणा हाती द्यायचा नाही. कूट करून द्या. आणि ठसका लागलाच तर जोराने खोकणाऱ्या मुलाला खोकू द्यावे. आवाजच फुटेनासा झाला तर वर्षाच्या आतले मूल हातावर पालथे, डोके खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा. मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये, वस्तू आणखी आत जाते.

यानंतर बोलणे धुरावर आले, आणि येथे दोघांचा खरा खटका उडाला. सूनबाईने नुकतेच मुलाला न्हाऊ घातले होते, आणि परातीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग व लसणाच्या साली पडून घरभर तो ओळखीचा उग्र वास भरला होता. डॉक्टरबाई उठल्या आणि त्यांनी परात परसात नेऊन ठेवली.

गुरुजी : बाई, ही धुरी आहे! माझ्या आजीपासून चालत आलेली. ओला जीव, ओली हवा. ऊब नको का?

डॉक्टरबाई : ऊब हवी. कोरडे फडके, टोपडे, आईचे अंग, यांनी जेवढी ऊब मिळते तेवढी हवी. धूर नको. ज्या नळ्यांचे आपण आत्ता गणित केले, त्यांच्याच अस्तराला हा धूर झोंबतो. त्यात घरची चूल, वर्षाचे सहा महिने ओली लाकडे.

गुरुजी : मला चौऱ्याहत्तर वर्षे झाली, मीही याच धुरात वाढलो.

डॉक्टरबाई : तुमच्या आईला किती मुले झाली, गुरुजी?

गुरुजी : नऊ. जगलो चौघे.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग गुरुजी सावरून बसले, आणि पुढे जे बोलले ते मला त्या दिवसाचे सर्वांत महत्त्वाचे बोलणे वाटले.

गुरुजी : धुरी उद्यापासून बंद, हा माझा शब्द. पण धुराचा हिशेब मांडायचा तर पुरता मांडा. फाल्गुन-चैत्रात आम्ही कवळ, पाला, शेण पसरून राब भाजतो, तेव्हा सबंध तालुका धुरकटतो. या राबाच्या हक्कावरून या जिल्ह्याच्या रयतेने गोऱ्या सरकारच्या दारी इतका तगादा लावला की 1885 साली त्यांना जंगल कमिशन नेमावे लागले. तेव्हा राब सोडा, असे एका वाक्यात सांगून भागणार नाही. दिवाळी झाली की कातकरी उचल घेऊन वीटभट्टीवर जातो, आणि त्याचे पोर पावसाळ्यापर्यंत कोळशाच्या आणि तुसाच्या धुरात, भट्टीच्या उबेला निजते. त्याच्या लशीची नोंद गावच्या दप्तरात, आणि पोर भट्टीवर. 2016 पासून गॅसच्या शेगड्या आल्या, हे खरे. पण पहिले नळकांडे संपल्यावर दुसऱ्याचे पैसे कोणाच्या गाठीला असतात? तुम्ही माझी परात बाहेर ठेवलीत, योग्य केलेत. भट्टी कुठे ठेवणार?

डॉक्टरबाई : ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात एवढेच, की निदान पोर ज्या जागी निजते ती जागा चुलीपासून, भट्टीपासून आणि बापाच्या विडीपासून दूर असावी, आणि लस भट्टीवर जाऊन टोचली जावी.

गुरुजी : अपुरे आहे.

डॉक्टरबाई : अपुरे आहे.

दम्याचा विषय मग ओघानेच निघाला. गुरुजींचे म्हणणे गावोगाव ऐकू येते तेच होते, की तोंडाने ओढायच्या पंपाची सवय लागते. डॉक्टरबाईंनी आकडे मांडले. सालब्युटॅमॉलच्या पातळ औषधाच्या एका चमच्यात 2 मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे पंपाच्या वीस दाबांइतके. पंपाचे थेट नळीत पोचते, चमच्याचे सबंध अंगात भिनते आणि हृदय धडधडवते. लहान मुलाला पंप नुसता ओढता येत नाही, मध्ये एक पोकळ भांडे लागते. ते विकत घेणे झेपत नसेल तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यावी, तिच्या बुडाला तापल्या तारेने पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून पंप घट्ट बसवावा, आणि बाटलीचे तोंड मुलाने ओठांत धरावे. दक्षिण आफ्रिकेतल्या वैद्यांनी अशी बाटली दमेकरी मुलांवर पारखून 1999 साली दाखवून दिले की ती विकतच्या भांड्याइतकीच उपयोगी पडते. आणि वाजणाऱ्या प्रत्येक छातीला दम्याचा शिक्का मारण्याचेही कारण नाही : अमेरिकेतल्या टूसॉन शहरी जन्मापासून पाहणीत ठेवलेल्या मुलांपैकी पहिल्या तीन वर्षांत ज्यांची छाती वाजली, त्यांतल्या पाचांपैकी तिघांची सहाव्या वर्षी वाजत नव्हती.

गुरुजी : आता माझे शेवटचे. गडचिरोलीच्या रानात अभय आणि राणी बंग यांनी 1988 च्या सुमारास काय केले, हे तुम्ही माझ्याहून अधिक जाणता. न शिकलेल्या सुइणींच्या हाती मण्यांची मोजणी आणि मिनिटभराचे वाळूचे घड्याळ दिले, आणि पोराचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले. 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले, की त्या गावांतली बालमृत्यूची संख्या उतरली. सुइणीला जमले ते माझ्या सुनेला जमणार नाही का? ती बारावी झाली आहे.

डॉक्टरबाईंनी उत्तर दिले नाही. त्यांनी सूनबाईला जवळ बोलावले, निजलेल्या मुलाला तिच्या मांडीवर घेतले आणि झबले गळ्यापर्यंत वर केले. पोट वर आले की एक. गुरुजींनी पाटी घेतली. दर दहा श्वासांना खडूची एक रेघ. मोबाईलवर मिनिट लावले. सूनबाई मोठ्याने मोजू लागली, विसाव्याला तिचा आवाज कापला, तिसाव्याला स्थिर झाला. चार रेघा आणि वर दोन, बेचाळीस. मोजून झाल्यावर डॉक्टरबाईंनी तिचे बोट धरून बरगड्यांच्या खालच्या कडेवर ठेवले, आणि म्हणाल्या, श्वास घेताना इथे खळगा पडला, नाकपुड्या फुलल्या, तर आकडा कितीही असो, निघायचे. वेळेआधी जन्मलेले किंवा तीन महिन्यांच्या आतले मूल असेल तर त्याहीपेक्षा लवकर निघायचे.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ओट्याच्या चुन्याच्या भिंतीवर, जिथे पूर्वी सुविचार असे, तिथे गेरूने मोठ्या वळणदार अक्षरांत लिहिले : 'मूल शांत असताना, पुरे एक मिनिट. दोन महिन्यांखाली 60, वर्षाखाली 50, पाच वर्षांखाली 40. तेवढे किंवा अधिक भरले, पोट-बरगडी ओढली, किंवा दूध सोडले, तर दवाखाना.' त्यांनी हा मजकूर शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि रस्त्याकडेच्या भट्टीमालकाच्या भिंतीवरही लिहू देण्याची रीतसर परवानगी मागितली आहे. वाचकहो, तुमच्या दारीही एखादी मोकळी भिंत असेल, आणि शेजारी कुठेतरी पाळणा हलत असेल. हे तीन आकडे तिथे लिहा.